वीस घागरी

(परळी वैजनाथ, जून १९९८. निवृत्त विज्ञान शिक्षक सिद्धाराम मास्तर आणि त्यांच्या पत्नी शिवकांता, घरच्या मधल्या खोलीत. मास्तरांच्या हातात अणुहल्ल्यापासून बचावाचं छापील पत्रक.)

मास्तर : ...आणि दारं-खिडक्यांच्या फटी चिकटपट्टीनं बंद. किरणोत्सारी धूळ आत आली की विषय संपला.

शिवकांता : थर्मलच्या वीजकेंद्राची राख वीस वर्सं अडवायलोत आपण. ती ऐकंना, ही कशी ऐकंल?

मास्तर : चेष्टा नको. आपण बॉम्ब उडवला, त्यांनीही उडवला. उद्या वाचनालयात माझं यावरच व्याख्यान आहे. त्याआधी वक्त्याचं घर तरी तयार हवं. चौदा दिवसांचं पाणी, माणशी चार घागरी. किती भरल्यास?

शिवकांता : वीस.

मास्तर : दोघांना आठ होतात.

शिवकांता : पाच मानसं हायत. आपन दोघं, रुचिका, आमेर आन् अलिना.

मास्तर : अलिना कोण?

शिवकांता : तुमची नात. सव्वा वर्साची झाली.

मास्तर : रुचिकाच्या नावानं मी आंघोळ केली आहे. तीन वर्षं झाली त्याला.

शिवकांता : तुमी केली. मी नुसतं पानी तापवून दिलतं.

मास्तर : या पत्रकात स्पष्ट आहे. एकदा दार लावलं की कुणासाठीही उघडायचं नाही.

शिवकांता : ते तुमाला जड जानार न्हाई.

मास्तर : भेटतेस तू तिला?

शिवकांता : सोमवारी, देवळाच्या पायऱ्यांवर. आमेर खाली थांबायचा, फळांच्या गाड्यापाशी. लई गरीब पोरगं.

मास्तर : ...सव्वा वर्षाच्या लेकराला किती पाणी लागतं, ते यात दिलेलं नाही.

शिवकांता : वाटीनं पितीय. निम्मं सांडती.

मास्तर : ये म्हणावं तिला. म्हणजे, पाच माणसांना या खोलीतली हवा पुरते का, ते एकदा बघायला हवं.

शिवकांता : आता कुठली येती. हैदराबादला गेले ते शुक्रवारी, सामानासगट. आमेरला गॅरेजात काम लागलं तिकडं.

मास्तर : मग या वीस घागरी?

शिवकांता : कालच भरल्या. आठवर हात थांबंना.

मास्तर : मला कावून न्हाई सांगितलं?

शिवकांता : तिचं नाव घरात काढायचं न्हाई, हे कुनी ठरवलतं? जायच्या दिवशी आलती ती.

मास्तर : इथं?

शिवकांता : फाटकापस्तोर. दुपारी. तुमी व्हरांड्यात झोपलते. उठवते म्हनलं, तर नको म्हनली, निजू दे. लेकराला तिथूनच दाखवलं, ते बघ आजोबा.