उलटा ठेवलेला खोका

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष, आपले संचालक साहेब. दवाखान्यातून वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे डॉक्टर. ज्यांच्या निवृत्तीच्या निरोपासाठी आपण सारे जमलो ते विंचूघराचे मामा. पहिल्या रांगेत बसलेल्या मामी, आणि माझ्या सहकाऱ्यांनो,

मी घाबरलेय, हे मागच्या खुर्च्यांवरूनही दिसत असेल. हसा, हसा. एकोणीस वर्षं विंचवाच्या विषावर काम करणारी बाई विंचवाला घाबरते, हे इथे कोणाला नवीन आहे? मामा विंचूघराच्या खिडकीतून विषाची कुपी द्यायचे आणि मी ती रुमालात धरून घ्यायची. "अहो बाई, बाटलीला नांगी नसते," म्हणायचे. आज मात्र मला विंचवाची भीती वाटत नाहीये. कशाची वाटतेय ते सांगते. जरा पाणी पिते.

मामांना आज जायचं नव्हतं. दोन वर्षांची मुदतवाढ त्यांनी मागितली होती. ती का मिळाली नाही, ते आपण सगळे जाणतोच. त्यांच्या सेवापुस्तकात शेरा आहे: "नजर अधू, विंचूघरात ठेवणे धोक्याचे." चार महिन्यांपूर्वी त्यांना विंचू चावला, त्यानंतरचा हा शेरा.

पाहुण्यांसाठी थोडं सांगते. विंचूघरात मंद तांबडा दिवा असतो. खोक्यात एका बाजूला कौलाचा तुकडा, त्याखाली विंचू. दुसऱ्या बाजूला पाण्यासाठी ओला स्पंज. पुढच्या अंगाला पांढरी खूण. खूण समोर असली की स्पंज उजवीकडे. त्या भरवशावर मामा एकतीस वर्षं नुसत्या बोटांनी स्पंज बदलत आले. म्हणून नियम एकच आहे. खोका हलवला तर खूण समोर ठेवा, नाहीतर मामांना सांगा.

त्या मंगळवारी खूण मागे होती. मामांची बोटं स्पंजाऐवजी कौलाखाली गेली.

डॉक्टर, पुढचं तुम्हाला माहीत आहे. घामाने अंथरूण भिजलेलं, हातपाय बर्फासारखे गार, छातीत नुसती धडधड. औषधं तुम्ही दिलीत. मी शेजारी बसले होते, आणि मला सगळं ठाऊक होतं हीच माझी पंचाईत होती. मामी देवाचं नाव घेत होत्या. मी घेणार कोणाचं?

मामा म्हणाले, "बाई, आत काय चाललंय ते सांगा. पण सोपं सांगा हं."

मी सांगितलं. मज्जातंतूने एकदा निरोप पोचवला की त्याने गप्प व्हायचं असतं. त्यासाठी पोटॅशियमची दारं उघडतात, पोटॅशियम बाहेर जातं आणि तंतू शांत होतो. विषातला एक इवलासा रेणू येऊन त्या दाराच्या तोंडात बसतो, मोरीला बूच बसावं तसा. त्याचा एक हात थेट भोकात शिरतो. विषातले त्याचे दुसरे भाऊबंद सोडियमची दारं उघडी धरून ठेवतात. मग तंतूला थांबताच येत नाही. हृदयाला विसावा नाही, घामाला खळ नाही.

"बूच निघतं ना पण?"

"निघतं, मामा. मीठपाण्याने धुतलं की निघतं. मी रोज यंत्रावर बघते."

खोटं नव्हतं ते. दार बुजलं की यंत्रावरची रेघ सपाट होते, आणि धुतल्यावर पुन्हा वर येते. पण यंत्रावरच्या पेशींना त्याच जातीच्या विंचवाचं विष लावलं होतं, तेव्हा चाळीस मिनिटं धुऊनही रेघ जागची हलली नव्हती. आणि माणसाला आतून धुणार कसं? मी त्यांचा हात धरून घड्याळाकडे बघत बसले. अशी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मामींनी मला तेव्हा विचारलं, "इतकी वर्षं कधी झालं नाही, आजच कसं हो?" मी म्हटलं, "लक्ष नसेल त्यांचं."

मामी, त्यांचं लक्ष होतं.

त्या मंगळवारी मला अहवालासाठी विंचवाचा फोटो हवा होता. मामा चहाला गेले होते. म्हटलं, एवढी वर्षं झाली, एकदा तरी आपल्या हाताने खोका उघडू. उघडला. त्याने शेपूट वर केली मात्र, माझी पाचावर धारण बसली. झाकण लावलं, खोका फळीवर कसाबसा ढकलला आणि बाहेर पळाले. मामा परत आले तेव्हा मी दारातच उभी होते. "मामा, तो खोका मी हलवलाय," एवढंच म्हणायचं होतं. लाज वाटली. ते हसतील म्हणून मी गप्प बसले.

चौकशीत विचारलं गेलं, खोका कोणी फिरवला? मामा म्हणाले, "मीच. वय झालं, दिसत नाही नीट." मी समोरच्या खुर्चीत होते. तिथेही गप्प बसले. मामांनी मला आजवर एका शब्दाने विचारलेलं नाही.

नाही मामा, खुणा करू नका. मी खाली बसणार नाही.

संचालक साहेब, हे सगळं लिहून, सही करून हा कागद तुमच्या पुढ्यात ठेवते आहे. मामांची नजर तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली आहे. तो शेरा खोटा आहे, माझ्या गप्प बसण्यामुळे पडलेला आहे. तो पुसा आणि त्यांची दोन वर्षं त्यांना द्या. माझं काय करायचं ते नंतर ठरवा. मला भीती वाटतेय, अजूनही वाटतेय, पण म्हणून तुम्ही दया दाखवावी असं नाही.

अध्यक्षांनी आणि पाहुण्यांनी माझं ऐकून घेतलं, सभागृहानेही घेतलं, मी सर्वांची आभारी आहे. घाबरल्यामुळे बोलण्यात काही पुढेमागे झालं असेल, तेवढं आपण सांभाळून घ्यावं. खोक्याबद्दलची माफी मात्र मी सभागृहाकडे मागत नाही.

मामी, मी खाली येते. तुमच्या शेजारची खुर्ची रिकामी आहे. तुम्ही बसू दिलंत, तरच बसेन.