मोंजीनं ट्रक रंगवला

...नाही, तुम्हीच सांगा, कुसकुस उकडायची चाळणी घरात कशासाठी असते? कुसकुसचा रवा उकडायला! बरोबर? आणि माझा नवरा त्या चाळणीवर माझा नवाकोरा पायमोजा ताणून त्यातनं रंग गाळत होता! रंग! ट्रकचा! मी किंचाळले, तर वर मलाच म्हणतो, "अगं बेया, धुऊन देतो की, त्यात काय एवढं!"

त्यात काय एवढं! तुम्हाला सांगते, हे ऐकलं ना की माझ्या कपाळाची शीर उडायला लागते. सगळं महाभारत ह्या एका वाक्यानं झालं.

आता ट्रक कसला ते ऐका, नाहीतर तुम्हाला वाटेल, असेल एखादा धडधाकट ट्रक. माझ्या बाबांचा हो. लांब नाकाचा, डोळे वटारल्यासारखे दिवे, मागे लाकडी फाळका, आणि हॉर्न असा की आमच्या महदिया गावातली म्हातारी माणसं बाबा हसूनांचा ट्रक म्हटलं की अजून कानावर हात ठेवतात. जन्मभर बाबांनी त्यातनं सार्डिन मासे वाहिले, ऑलिव्ह वाहिले, आणि माझ्या लग्नात माझं रुखवत... गाद्या, गालिचे, तांब्याची भांडी... सगळं त्याच ट्रकवर रचून ढोल वाजवत नवऱ्याच्या दारात आणून उतरवलं. पुढे बाबांची नजर अधू झाली, ते आमच्याकडे राहायला आले, आणि त्यांच्या मागोमाग ट्रक आला. आला म्हणजे ओढून आणला! आणि उभा कुठे केला? गल्लीच्या टोकाला, समुद्राच्या अगदी तोंडासमोर! आमचा समुद्र दाराच्या कड्या खातो, माझ्या शिवणयंत्राची सुई खातो, तो एवढा आयता ट्रक सोडेल?

तर माझी रिम, एकुलती एक लेक, तिचं लग्न ठरलं. आणि ही बया आजोबांच्या शेजारी बसून म्हणते काय, "आजोबा, माझंही रुखवत तुमच्याच ट्रकवरनं जाणार." बाबा? नुसती काठी फिरवत बसले. पण त्या दुपारी त्यांनी कालवण परत मागून घेतलं, तेव्हाच मी ओळखलं, आता सुटका नाही.

गॅरेजवाल्याला बोलावलं. तो ट्रकभोवती फिरला, बुटानं चाकाला एक हळूच टिचकी मारली आणि म्हणाला, "बाई, ह्याला रंग नको, ह्याला दुवा पाहिजे." आणि गेला निघून! लग्न तोंडावर!

आणि तिथे माझा मोंजी उठला. मोंजी कोण? अहो, ज्या माणसानं जन्मभर पोस्टात बसून पाकिटांवर शिक्के मारले, ज्याच्या हातून भिंतीत खिळा सरळ गेला नाही, तो छाती काढून म्हणतो, "मीच करतो. घासायचं, बुजवायचं, रंगवायचं. त्यात काय एवढं!"

"कोण? हा? पोस्टातला?" बाबा म्हणाले.

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण बाबांनी माझ्या नवऱ्याला नावानं हाक मारलेली मी ऐकली नव्हती. "पोस्टातला आला का गं?" "पोस्टातल्याला चहा दे." ट्रकची किल्ली तर त्यांनी त्याला कधी धरूसुद्धा दिली नव्हती. म्हणून तर तो उठला हो! मला कळत नाही होय? रंग लावायचा होता तो ट्रकला नाही, सासऱ्याच्या तोंडाला!

सुरुवात झाली. मडगार्डवर रंगाचा एक फोड होता, मसुराएवढा. मोंजीनं फोनवर कुठलासा व्हिडिओ बघितला, फोडाला स्क्रूड्रायव्हर लावला, आणि... मुठीपर्यंत आत! गंजाचा असा भुगा पडला की जणू कुणी लाल तिखटाची पिशवी फोडली. शेजारची मांजर त्या भोकातनं आत गेली आणि दुसरीकडनं बाहेर आली, तेव्हा आम्हाला दुसरं भोक कळलं!

आणि माझी कथा? मी चांगुलपणानं चहा घेऊन केबिनमध्ये चढायला गेले. एक पाय आत ठेवला, दुसरा ठेवला... दुसरा थेट रस्त्यावर! वरून बघाल तर बाई ट्रकमध्ये, खालून बघाल तर बाईची चप्पल गल्लीत! मी तशीच अडकलेली, हातात पुदिन्याचा चहा, आणि हा माणूस खाली वाकून माझा पाय बघतोय नि म्हणतोय, "बरं झालं, पत्रा किती कापायचा त्याचा अंदाज आला!"

मग पत्रा हवा. पत्रा कुठे मिळतो? दुकानात! पण ह्याला कुठे मिळाला? माझ्या स्वयंपाकघरात! माझा भट्टीतला मोठा थोरला ट्रे, आईनं दिलेला, कापला! तो आता मडगार्डमध्ये आहे. म्हणजे माझ्या लेकीचं रुखवत आजोबांच्या ट्रकवर आणि ट्रक आजीच्या ट्रेवर! वेल्डिंग ह्याला जमेना, ठिणगी उडाली की हाच आधी पळायचा, म्हणून मग रिबिटा ठोकल्या. एकेक रिबीट ठोकताना आधी रिबीट, मग अंगठा, मग रिबीट, मग अंगठा...

समोरच्या खमीसची होडी आहे, तो मासे विकून यायचा नि सल्ला द्यायला उभा राहायचा. "मोंजी, अरे होडी समज ह्याला! आम्ही काय करतो? कापड, राळ, रंग, झालं!" बाबा खुर्चीवरनं ओरडायचे, "तुझ्या होडीला ब्रेक लागतात का रे?" तरी इंजिन चालू केलं ते खमीसनंच हं, आत वाकून अशा काही शिव्या दिल्या की ते घाबरून सुरू झालं.

मग रंग कुठला? बाबा म्हणाले, माझा ट्रक हिरवा. मी म्हटलं, निळा! मी नवरी होऊन त्यात बसले होते, मला माहीत नाही? मोंजी घासायला लागला. वर निळा निघाला. "बघा!" मी म्हटलं. निळ्याखाली लाल. लाल कुणालाच आठवेना! लालाखाली हिरवा. "मग, मी बरळत होतो होय?" बाबा म्हणाले. हिरव्याखाली पिवळा लागला, तेव्हा मी मोंजीच्या हातातनं काचकागद ओढून घेतला, म्हटलं, थांब रे, अजून खाली गेलास तर पलीकडचा समुद्र लागेल! रिम म्हणाली, निळा. झालं, निळा.

माझ्या उलथन्यानं खड्ड्यांत लांबी, म्हणजे ती पांढरी पुट्टी, भरली. पुन्हा घासली, पुन्हा भरली. आमच्या भाजीत पांढरी पूड, उशीवर पांढरी पूड, मोंजीच्या भुवया अशा पांढऱ्या की पोस्टातले जुने सोबती आले, त्यांनी मला हळूच विचारलं, "आजारी होता का हो?"

आणि मग एकदाचा तो दिवस आला. वारा नाही, धूळ नाही, समुद्र आरशासारखा. खमीसनं कुठूनसा हवेचा पंप आणला, मोंजीनं तोंडाला माझा रुमाल बांधला आणि फवारा सुरू केला. तुम्हाला सांगते, खोटं कशाला बोलू, मी दारात उभी होते आणि माझे डोळे भरून आले. तोच निळा! मी एकवीस-बावीसची झाले हो तिथल्या तिथे!

आणि शेवटचा फवारा मारून तो मागे सरकतो न सरकतो... दक्षिणेकडनं वारा सुटला. तो आमचा भट्टीतला वारा, वाळवंटाची वाळू घेऊन येणारा! मी धावले चादर घेऊन, रिम धावली, खमीस जाळं घेऊन धावला... जाळ्यानं काय वाळू अडते? दोन मिनिटांत सगळा ट्रक साखरेत घोळवलेल्या खजुरासारखा! नाकापासून फाळक्यापर्यंत वाळूच वाळू, आणि वर एक माशी, जिवंत, पाय हलवत!

मोंजी उंबऱ्यावर बसला. मी वाट बघतेय, आता ‘त्यात काय एवढं’ म्हणेल, आता म्हणेल. म्हणालाच नाही. निळ्या हातांकडे बघत बसला आणि मला म्हणतो, "बेया, त्यांचंच खरं. मी आपला पोस्टातला."

अहो, मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, ह्यानं ते मेलं वाक्य बोलावं!

तेवढ्यात बाबा काठी टेकत आले. मडगार्डवर हात ठेवला. वाळू चाचपली. मग हात खाली नेला, त्या ट्रेच्या ठिगळाच्या कडेनं, रिबिटा एकेक करून बोटांनी मोजल्यासारख्या. बाबा म्हणाले, "पत्रा घट्ट बसलाय. आतलं काम पक्कं आहे." मग खुर्ची ओढली, बसले आणि हात पुढे केला. "काचकागद द्या इकडे."

आणि माझ्या तोंडून, माझ्याच हो, निघून गेलं, "ऊठ मोंजी! घासायचं नि परत मारायचं, त्यात काय एवढं!"

मग काय विचारता! बाबा घासतायत, मी घासतेय, खमीसची बायको घासतेय, नवरी मुलगी मेंदीच्या आधी कोपरापर्यंत निळी! घरातल्या सगळ्या चादरी ओल्या करून गल्लीत टांगल्या, त्यांच्या आत ट्रक, ट्रकच्या आत पंप, आणि पंपाच्या आवाजापेक्षा आमची भांडणं मोठी. पण लागला रंग. वाळला रंग. असा चकचकीत, की त्यात बघून मी काजळ नीट केलं!

रुखवताच्या दिवशी गाद्या चढल्या, गालिचे चढले, ढोलवाले वर चढले. मोंजी खाली उभा, नवे कपडे घालून, चालवणार कोण ते विचारायची हिंमत नाही. बाबांनी खिशातनं किल्ली काढली, हवेत धरली आणि म्हणाले, "धर मोंजी. दुसरा गिअर हलक्या हातानं."

मोंजी! ऐकलंत? मोंजी म्हणाले! आणि हा इतका गडबडला, की किल्लीचं भोकच सापडेना, शेवटी बाबांनीच, धड दिसत नसताना, त्याचा हात धरून ती लावली. गावभर हॉर्न वाजवत गेलो आम्ही. मी मागे गाद्यांवर बसले होते, ह्या वयात! लाज नाही वाटली.

विहीणबाईंच्या दारात पोचलो. त्यांनी मुद्दाम शहरातनं फोटोग्राफर बोलावला होता, केसांची शेंडी बांधलेला. तो ट्रकभोवती एकदा फिरला, दोनदा फिरला, आणि मोंजीला विचारतो, "काका, जुना ट्रक कुठाय?"

"हाच!"

"हा? हा तर नवा दिसतोय!"

मोंजी असा फुलला! "ऐकलंस बेया? नवा दिसतोय म्हणाला!"

तर तो शेंडीवाला कपाळावर हात मारून, "अहो, नवा काय करायचाय! गंजलेला आहे म्हणून सांगितलं होतं मला! गंज असता तर फोटो काय सुंदर आले असते! शहरात लोक पैसे मोजून खोटा गंज रंगवून घेतात... काढलात कशाला?"

मोंजीकडे बघवेना हो मला.

बरं, संपलं म्हणता? परवा तो मोठा फोटो आला, फ्रेम करून, विहीणबाईंनी प्रेमानं पाठवलेला. दिवाणखान्यात लावला. रिम हसतेय, बाबा ऐटीत बसलेत, गाद्यांवर मी, सगळं झकास. आणि मडगार्डवर, दारावर, बॉनेटवर, जिथे तिथे... गंज! त्या शेंडीवाल्यानं संगणकावर घालून दिला! वर चिठ्ठी, ‘जुन्याची शोभा राखली आहे.’

मोंजी उठला. फोटोजवळ गेला, चष्मा कपाळावर सरकवला आणि नखानं काच खरवडायला लागला. मी म्हटलं, अरे, फोटो आहे तो, राहू दे. तर मागे न बघता हात पुढे करतो नि म्हणतो, "बेया, बारीकवाला काचकागद."

आता काय बोलणार अशा माणसाला? गेले आत... आणि आणून दिला.