रडखोलीतून

हॅलो? … हॅलो, ताई? … हो, येतंय ऐकू. तूच जरा मोठ्याने बोल.

… नाही गं, टीव्ही नाही. पोरं रडतायत. तीन. चौथी माझी. ती रडत नाहीये, काचेवर चमचा आपटतेय.

… कुठे म्हणजे? थिएटरात. रडखोलीत बसलेय, बाल्कनीखाली, आई आपल्याला घेऊन बसायची त्या काचेमागे.

… आपल्याच! बाबांनी आपल्याला एकच थिएटर ठेवलंय, ताई. दुसरं असलं तर मला माहीत नाही.

… हो, हो… अगं ऐक ना. मुकादम आलाय हे मला माहितीय. मघाशी पायरीवर घण टेकवल्याचा आवाज आला, तेव्हाच कळलं. आता त्याची माणसं बाहेर चहा पीत बसलीत. आत येऊ शकत नाहीत. जाळीच्या दाराला मी आतून कुलूप घातलंय.

… आतून. किल्ली माझ्या गळ्यात आहे.

… ओरडू नकोस. पिल्लू तुझा आवाज ओळखते, लगेच ‘माऊ, माऊ’ सुरू करेल. … झालं. ऐकलंस? हो गं सोन्या, माऊमावशीच आहे. माऊमावशी आईला रागावतेय. तू चमचा वाजव.

… हो, पोरीला घेऊन. मुद्दाम घेऊन.

… मूर्ख. बरं. अजून? … आडमुठी. हे बाबा तुला म्हणायचे, मला नाही. झालं तुझं? आता मी बोलू?

सही कशी दिलीस तू? थिएटर दोघींचं आणि बाल्कनी धोक्याची म्हणून पाडायला सही एकीची? सकाळी मुकादमाने कागद नाकासमोर धरला. तुझी ती लफ्फेदार सही. वाटलं, लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर केलीस की काय.

… ‘फक्त बाल्कनी’ कशी गं फक्त? सिनेमाच्या मशीनची खोली कुठे आहे? बाल्कनीच्या माथ्यावर. बाल्कनी गेली की मशीन गेलं. मशीन गेलं की उरलं काय, चार भिंती आणि पत्रा. मग तुझे ते गोदामवाले गोड तोंडाने म्हणणार, ‘ताई, नाहीतरी आता थिएटर राहिलंय कुठे, द्या आम्हाला पोती ठेवायला.’ आणि तू म्हणणार, ‘खरंच की!’

… बरं, नसशील म्हणणार. पण मी म्हणतेय ते खोटं आहे का?

… थांब जरा. पिल्लू, तोंडात काय? आ कर. आ… बटण आहे. कुणाच्या फ्रॉकचं बटण पडलंय गं? … नाही, तुला नाही, इथल्या बायकांना विचारतेय. … हो, बायका. मी एकटी नाहीये. बेकरीवाली आहे तिची जुळी घेऊन, चित्रकलेच्या बाई आहेत त्यांच्या छोट्याला घेऊन. आणखी दोघी निघाल्यात, पोरांना भरवून येतायत.

… मी नाही जमवल्या! मी सकाळी एकटी येऊन बसले. माझं बघून आल्या. बेकरीवाली काय म्हणाली सांगू? म्हणाली, ‘जिथे ही भित्री भागूबाई पोर घेऊन बसते, तिथे आम्ही बसायला काय हरकत आहे!’

… हस. हस. पण त्यातच सगळं आलं, ताई. मी कोण आहे? मी द्राक्षाचे उभे चार तुकडे करून देते. रात्री उठून पोरीच्या नाकाशी बोट धरते, श्वास चालतोय का बघायला. सासूबाईंच्या टेबलाच्या चारही कोपऱ्यांना मी मोजे घातलेत. पाहुणे विचारतात, टेबलाला थंडी वाजते का म्हणून. ती बाई आपली पोर घेऊन पडायला आलेल्या बाल्कनीखाली बसेल? सांग ना. बसेल?

… मग!

… ‘इंजिनिअर सांगतो’? कुठला इंजिनिअर? गोदामवाल्यांनी आणलेला. त्याला आल्यापासून घाई. टॉर्चसुद्धा आणला नव्हता. मी विचारलं, बाल्कनीत जाऊन बघणार नाही का? म्हणाला, ‘खालून अंदाज येतो.’ अगं, मी कलिंगड घेतानासुद्धा वाजवून घेते!

… तडा आहे. नाही कुठे म्हणतेय मी? तडा आहेच. मीच पहिल्यांदा पाहिला. माझ्या अगदी डोक्यावर आहे आत्ता. काचेच्या वरच्या तुळईला, डावीकडून निघून मधे येऊन थांबलाय. पाहिला त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी लंबूला बोलावलं. … लंबू गं, माझ्या कॉलेजातली, मागच्या बाकावरची. आता जुन्या इमारतींच्या तपासण्या करते.

… मैत्रीण माझी आहे, तुळईची नाही. तिला खोटं बोलून काय मिळणार? तिने काय केलं ऐक. पातळ काचेच्या पट्ट्या आणल्या आणि तड्यावर आडव्या चिकटवल्या, दोन्ही कडांना धरून. म्हणाली, तडा केसभर जरी हलला तरी काच तडकेल. काच खोटं बोलत नाही. मग बाल्कनीतल्या एकेका खुर्चीवर वाळूची पोती ठेवली. माणसापेक्षा जड. रात्रभर तशीच.

… मी? मी घरी येरझाऱ्या घालत होते. उजाडल्या उजाडल्या धावत आले. पट्ट्या जशाच्या तशा. तेव्हापासून रोज बघते. पोर कडेवर, मान वर. आख्खा पावसाळा गेला, थंडी गेली. एकही तडकली नाही. मानेला लचक मात्र भरली.

… नाही कळवलं तुला. … हो, तुझंही आहे. चुकलं. पण तूही कुठे विचारलंस? तिकडे चौथ्या मजल्यावर बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या, ‘बंद करा, विका, मोकळे व्हा.’

… नको ना रडूस तू. आधीच इथे तीन आहेत.

… काळजी वाटते, माहितीय. पिल्लूची वाटते. माझीही वाटते, बरं. मलाही वाटते ना! गळ्यातली किल्ली दहादा चाचपून झालीय. मी धीट झालेय असं समजू नकोस. मी भिऊनच बसलेय इथे.

… का म्हणजे? तुला सांगितलं नाही मी कधी. पिल्लू झाल्यावर मी घराबाहेर पडायचंच सोडलं होतं, आठवतं? तू म्हणायचीस, जरा फिरून ये. कुठे फिरू? दुकानात ती रडली की सगळे वळून बघायचे. दवाखान्यातसुद्धा, जिथे रडायचाच हक्क असतो. एकदा बसमधून एकाने मला उतरायला सांगितलं. तोंडाने नाही, नजरेने. उतरले मी. … नाही, नवऱ्यालाही नाही सांगितलं.

मग एक दिवस इथे आले, जाळी-जळमटं काढायला म्हणून. पिल्लूचं रडणं सुरू झालं. आईने आपल्याला घेऊन जिथे सिनेमे पाहिले, त्याच बाकावर बसले, काचेचं दार ओढून घेतलं. ती रडली. मग मीही रडले, चांगलं गळा काढून. समोर एवढा मोठा पडदा, एवढ्या खुर्च्या, आणि एकही मान वळली नाही. दोघी दमलो. घरी जाऊन गाढ झोपलो. ताई, पोर झाल्यापासून पहिल्यांदा.

… हो.

… म्हणून. ज्याने कुणी ही खोली बांधली त्याला एवढं कळत होतं, की पोरवाल्या बाईलाही सिनेमा बघायचा असतो. आता नव्या कुठल्या इमारतीत बांधतात अशी? लिफ्ट बांधतात. पोरवाली बाई लिफ्टमधून वर जाते आणि खाली येते.

… ‘ते सगळं ठीक, पण…’ काय पण? खुर्च्यांच्या बैठका आम्ही सगळ्यांनी मिळून शिवल्या. पडदा धुतला, उंदरांनी कुरतडलेला कोपरा चित्रकलेच्या बाईंनी असा सांधला की तूही शोधून दाखव. ऑपरेटरकाकांनी मशीन सुरू केलंय. पुढच्या शनिवारी सकाळी पहिला खेळ आहे. आणि आज हे घण घेऊन उभे!

… फोटो? कसला फोटो?

… इंजिनिअरने तुला पाठवला? तड्याचा? मला नाही पाठवला. … एवढा मोठा? हात जाईल एवढा? नाही गं, आमचा तडा नखाएवढासुद्धा नाही. … पाठव. आत्ता पाठव. फोन ठेवू नकोस, तसाच पाठव.

… पिल्लू, थांब हं, मावशी चित्र पाठवतेय.

… आला. थांब, मोठा करते.

… अगं बाई. खरंच हात जाईल.

… बघतेय, बघतेय. … घाबरले नाही. म्हणजे घाबरले, पण थांब. ताई, पट्ट्या कुठायत? … काचेच्या पट्ट्या! मी आत्ता मान वर करून बघतेय, सगळ्या जागच्या जागी आहेत. या फोटोत एकही नाही.

… काढून फोटो घेतला असेल? कशी काढेल, लंबूने चिकटवलंय ते, पोपडा निघेल पण पट्टी नाही निघणार. … बरं, तू फोटो समोर धर. धरलास? खाली उजव्या कोपऱ्यात बघ. रंग कुठला आहे?

… हिरवा. आणि आपली बाल्कनी? आतून-बाहेरून पिवळी. बाबांनी दुसरा रंग लावू दिला का कधी तिला?

… थांब ना, अजून खाली बघ. ते आडवे ओरखडे. एकाखाली एक, कमरेएवढ्या उंचीवर. कशाचे आहेत ते? नीट बघ. तू सांग.

… मोठा करून बघ.



… हो. हँडलचे. सायकलच्या हँडलांचे. आपल्या सायकल स्टँडची मागची भिंत आहे ती, ताई! बाल्कनीवर काय सायकली लावत होते का लोक? आणि तो हिरवा रंग कुणी दिला होता? … तूच! सुट्टीत, बाबांबरोबर. कोपरापर्यंत हिरवी झाली होतीस, आई रॉकेलने घासत होती आणि तू किंचाळत होतीस.

… ती भिंत तर पडायलाच आलीय, तिला कुणी धरून ठेवलंय? झाडाच्या मुळांनी! पाडा ना ती, मी स्वतः घण उचलून देते. तडा सायकल स्टँडच्या भिंतीला आणि फाशी बाल्कनीला?

… चुकून? चुकून पाठवला असेल तर मी त्याची माफी मागेन, अगदी हात जोडून. पण चुकूनही बाल्कनीत न चढलेल्या माणसाच्या सांगण्यावरून मी ती पाडू देणार नाही.

… नाही. ‘आज नको’ नाही चालणार. आज नको म्हणजे उद्या हवं. सही मागे घेतली म्हण. … ‘विचार करू’ पण नाही. ताई, मी या पोरीला काय सांगू, मावशी विचार करत होती तेवढ्यात थिएटर पडलं?

… खरंच? … परत म्हण.

… अगं सगळ्या ऐकतायत, मी फोन मोठ्या आवाजावर टाकलाय. … मघापासून. … हो, रडलीस तेही ऐकलं. त्यात काय, रडखोलीच आहे ही.

… आत्ताच्या आत्ता बोलतेस त्याच्याशी? चल. उठतेय. ये गं पिल्लू, कडेवर ये. चमचा राहू दे हातात. … बाहेरच्या हॉलमध्ये आले. … नाही, दार नाही उघडणार! मला काय वेड लागलंय? तिकिटाची खिडकी आहे ना. त्या भोकातून फोन देते.

… मुकादमाचा दोष नाही, त्याला सांगितलं तेच करतोय बिचारा. पण ठाम सांग. तो दारावरचा आवाज काढ तुझा. … तोच! फुकट्यांना बाहेर काढायचीस तो. फ्रॉक घातलेली एवढीशी पोरगी आणि दांडगे पुरुष खाली मान घालून जायचे.

… ‘अजून निघतो का बघते’ म्हणजे काय? ताई, तो आवाज गेला असता तर भाऊजी एवढे सरळ झाले असते का?

… हं. तयार? … अहो मुकादम! इकडे, इकडे. खिडकीशी या. घण राहू द्या तिथेच, हात रिकामा करा.

घ्या. तिकीट नाही, फोन आहे. दुसऱ्या मालकीणबाई आहेत. कानाला लावा.

… अहो, थोडा लांब धरा! मला कशाला सांगताय काय म्हणतायत ते? इथपर्यंत ऐकू येतंय.