माती खाणारं ऑर्किड

धायरीच्या बसच्या रांगेत अवधूतच्या पुढे सासूसुना उभ्या होत्या. सासूच्या हातात ऑर्किडची कुंडी होती.

"नर्सरीवाल्याला विचारते, हे रोज ओंजळभर माती खातं, तरी फुलत का नाही?"

"ऑर्किड माती खात नाही, आई. त्याला कोळशातच ठेवतात. मातीत मुळं कुजतात."

"मग मी भरलेली माती जाते कुठे?"

"हिंजवडीच्या ऑफिसातून आले की मी काढून टाकते."

"मला सांगायचं नाही का?"

"तुम्ही इतक्या मायेनं भरायचात, नको म्हणवेना."

सासूबाईंनी कुंडीत बोट घालून पाहिलं.

"सोनाली, मी भरून देते तो डबाही रोज रिकामा येतो."

"बस आली, आई."

अवधूतनं मान उंचावून पाहिलं. बस कुठेच दिसत नव्हती.