महिपतचा हरवलेला बेस

मंडळी, एक सांगा — संशयाला खायला काय लागतं? भाकरी? पुरणपोळी? छे! उपाशी ठेवा, तरी अंगानं वाढतो! आणि माणूस खरा की खोटा, हे ठरवायचं कशावरून — त्याच्या कामावरून, की आपल्या मनातल्या किंतूवरून? सांगा! नाही सांगत? मग ऐका.

एक होता महिपत. साऊंडवाला! लग्न असो, जागर असो, सप्ताह असो — आवाज महिपतचाच. भागीदार कोण? बायकोचा सख्खा भाऊ, भागवत. दुकान दोघांचं, टेम्पो दोघांचा. एकानं वायरी ओढाव्यात, दुसऱ्यानं मिक्सरवर बसावं. दृष्ट लागावी असं चाललं होतं!

आणि लागलीच की हो! कुणीतरी येऊन महिपतच्या कानात सांगितलं — "तुझा मेव्हणा तालुक्याच्या साऊंडवाल्याबरोबर चहा पीत बसलेला." बस्स! चहा प्यायला भागवतनं, घशाशी आला महिपतच्या! आता भागवत हसला तरी संशय, गप्प बसला तरी संशय. हसताय काय? आपापले मेव्हणे आठवा जरा!

तेवढ्यात भैरोबाचा सप्ताह आला. दुकानात दोन नवे सबवूफर आलेले. मागच्या आजी विचारतील, "बुवा, हे काय असतं?" आजी, पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावली की छातीत लागणारा 'धुम्म' निघतो ना — तो लांबवर पोचवणारी पेटी! मशीन तिच्या पोटातच. तिला करंट वेगळा द्यायचा. मिक्सरची वायर आधी तिच्यात, आणि तिच्यातून पुढं वरच्या भोंग्याला. जाडा आवाज ती स्वतःकडं ठेवते, बारीक वर धाडते.

भागवत म्हणाला, "दाजी, दोन्ही पेट्या मधोमध ठेवू. मंचासमोर, जमिनीवर, शेजारीशेजारी. बेस सगळ्यांना सारखा जाईल."

महिपतच्या डोक्यात काय आलं? — मधोमधच का? म्हणजे सगळ्या वायरी याच्या हाताखाली! "काही नको," तो म्हणाला. "एक डावीकडं, एक उजवीकडं. शोभा दिसते."

ठेवल्या तशा. भागवतनं जोडणी केली आणि जेवायला गेला. हा लगेच पेट्यांच्या मागं शिरला! बघतो तर मागं एक बारकं बटण. उजव्या पेटीचं वर — आणि डाव्या पेटीचं दाबलेलं! दोन सारख्या पेट्या, बटणं निराळी? 'सापडला! आज माझी फजिती, उद्या सुपारी तालुकावाल्याला!' दिलं डाव्या पेटीचं बटणही वर फिरवून. विचारलं का भागवतला? एका शब्दानं? नाही! कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळंच दिसणार.

संध्याकाळी मांडव भरला. म्हाताऱ्या गेनूबुवांनी पखवाज मांडीवर घेतला, कणीक थापली, हात टाकला — टक! पत्र्याचा डबा जसा! महिपत डाव्या पेटीपाशी धावला — तिथं धुम्म! उजवीपाशी — धुम्म! मधे विणेकऱ्यापाशी आला — टक! आवाज वाढवला. पेट्या थरथरायला लागल्या, कनात हलायला लागली, आणि मधे? टक! गेनूबुवा आपल्याच हाताकडं बघत बसले. त्यांना वाटलं, हात गेला आपला! फार वाईट वाटलं हो बघणाऱ्याला.

महिपतचं डोकं फिरलं. तरातरा मंचावर गेला, माईक ओढला — "भागवत! खाल्ल्या घरचे वासे मोजतोस? त्या तालुकावाल्यासाठी माझं वाटोळं केलंस? चोर आहेस तू, चोर!"

मंडळी, माईक चालू होता. सगळ्या गावानं ऐकलं. बायकांत इंदू बसलेली — एकाची बायको, दुसऱ्याची बहीण. तिनं पदर तोंडाला लावला. धंदा मोडला तर पुन्हा उभा राहील हो, पण तिचं माहेर तुटलं तर कोण जोडणार?

भागवतनं काय केलं? कानावरचा हेडफोन काढून मिक्सरवर ठेवला, चपला घातल्या, बाहेर पडला.

"ही डावीच बिघडवलीय यानं!" म्हणत महिपतनं डावी पेटी बंद केली. गेनूबुवांनी भीतभीत हात टाकला — धुम्म! मधोमध, धुम्म!

महिपत जागीच थांबला. धंद्यातला माणूस, कळायला वेळ लागतोय होय! एक पेटी हवा पुढं ढकलते, त्याच वेळी दुसरी मागं ओढते. दोघी राबतात — मधे शून्य! त्यानं डाव्या पेटीच्या वायरीची पिन उघडली. आत दोन तारा उलट्या जोडलेल्या. आणि सोल्डरिंग? ढेकळासारखं! असं सोल्डरिंग त्या दुकानात एकच माणूस करायचा — महिपत! वायर यानं उलटी जोडलेली, म्हणून भागवतनं आवाज उलटा करणारं ते बटण दाबलं होतं. उलट्याचं उलट, सुलट! दाजीची चूक त्यानं मुकाट्यानं झाकली, आणि दाजीनं ती उघडी केली!

महिपत बाहेर गेला. भागवत टेम्पोला टेकून उभा होता. हा अगदी जवळ जाऊन पुटपुटला, "चुकलो रे. बटण मीच फिरवलं. पण वायरीचं मला सांगितलं का नाहीस?"

"गावासमोर तुमची चूक काढू? आक्काला काय वाटलं असतं?"

"चल, आत चल."

भागवत हलला नाही. म्हणाला, "दाजी, चोर म्हणालात ते माईकवर. आणि माफी कानात?"

मंडळी, टेम्पोपासून मंचापर्यंत अंतर ते किती! पण महिपतला ते कोसभर वाटलं. तरी गेला. माईक घेतला — "वायर मी उलटी जोडली. बटण मी फिरवलं. माझा मेव्हणा चोर नाही. गेनूबुवा, तुमचा हातही गेलेला नाही. अक्कल माझी गेली होती."

भागवत आला. पेट्या ओढून मधोमध घेतल्या, डावी सुरू केली, तिचं बटण पुन्हा दाबलं, आणि गेनूबुवांना म्हणाला, "वाजवा."

आणि तो चहा कशाचा होता? महिपतनं पुन्हा कधी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका!

आता तुमच्याकडं येतो. जावेला पाणवठ्यावर बोललात, आणि 'चुकलं' कुठं म्हणालात? चुलीपाशी, धुरात तोंड घालून! भावाला पंचांत खोटं ठरवलंत, आणि हात कुठं धरलात त्याचा? बांधावर, कुणी नसताना! देव ओरडलेलं ऐकतो, पुटपुटलेलंही ऐकतो. पण ज्याची अब्रू गावात गेली, त्याला ती गावातच परत हवी असते. आरती थांबेल थोडी. मी बाजूला सरतो. माईक चालू आहे — या.