टाचणात नसलेली सावली

मंडळी, ऐका! आज काल्याचं कीर्तन. पलीकडं भात शिजतोय, त्याचा वास मलाही येतोय. पण जरा दम धरा, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. गुरू कुणाला म्हणायचं? ज्याला सगळं येतं त्याला – की ज्याला "मला हे माहीत नाही" असं चारचौघांत म्हणता येतं त्याला? अहो, दोन्हीला माना काय हलवता! पेटीवाले बुवा, तुम्हीसुद्धा? असू द्या. आधी वैजयंतीची गोष्ट ऐका, मग बोलू.

वैजयंती म्हणजे मास्तरीण व्हायला निघालेली पोरगी. डी.एड.चं शेवटचं वर्ष. त्या शिक्षणात नुसता पेपर लिहून भागत नाही, बरं का. खऱ्या शाळेत, खऱ्या पोरांपुढं पाठ घ्यायचा, आणि मागच्या बाकावर निरीक्षक सर वही उघडून बसणार. त्याआधी पाठाचं टाचण लिहून द्यायचं. टाचणात काय? एका बाजूला बाई काय विचारणार ते. आणि दुसऱ्या बाजूला – पोरं काय उत्तर देणार, तेही! अहो, पोरं अजून घरी अंघोळीला बसलीत, आणि यांची उत्तरं वहीत तयार!

वैजयंतीचा मागचा पाठ पार फसला होता. पडद्यावर चित्र दाखवायचं, तर पडदा पांढरा तो पांढराच. ही आपली वायरी हलवतेय, आणि पोरं हसतायत. निरीक्षक धोंगडे सरांनी शेरा मारला – "तंत्रज्ञानाचा वापर जमत नाही." आता उरला एकच पाठ, शेवटचा. हा पडला की वर्ष गेलं. आणि घरी तर वडील अख्ख्या आळीला सांगून बसलेले – आमची पोरगी यंदा बाई होणार!

मग काय, रडत बसली? छे हो, तिला नादच लागला. कॉलेजच्या संगणकापुढं रोज ठाण मांडून बसायची. हे दाबलं तर काय होतं? ते सरकवलं तर? लहान पोर नवं खेळणं उघडून बघतं ना, तसं. पंधरा दिवसांत तिनं पडद्यावर सूर्य उगवायला लावला! विषय सावलीचा, वर्ग चौथीचा. पडद्यावर एक मुलगा उभा. सूर्य निघाला, सावली लांबच लांब. सूर्य चढला, सावली आखूड. सूर्य डोक्यावर आला – सावली गायब! खाली ठळक अक्षरं, "दुपारी सावली नाहीशी होते". आणि बटण दाबलं की टाळ्यांचा कडकडाट – "शाब्बास!" असं बटण मलाही पाहिजे, मंडळी. तुमचे हात काही सुटत नाहीत.

पाठाचा दिवस आला. मार्गशीर्ष महिना, दुपारचे बारा वाजलेले. पडदा लागला – पहिल्याच दमात! वैजयंतीच्या जिवात जीव आला. सूर्य उगवला, पोरांचे डोळे मोठे झाले. मागं धोंगडे सरांची मान हलतेय, वहीत बरोबरच्या खुणा पडतायत. सगळं टाचणाप्रमाणे.

"सांगा बरं, सूर्य डोक्यावर आला की सावलीचं काय होतं?"

खिडकीजवळची कार्तिकी उठली. म्हणाली, "बाई, सावली असती."

वैजयंतीचं बोट सवयीनं बटणावर पडलं. पडद्यावर अक्षरं आली, "दुपारी सावली नाहीशी होते", आणि वर टाळ्या – "शाब्बास!" अहो, उत्तर एक, शाब्बासकी दुसऱ्यालाच! वर्ग खो खो हसला.

पण कार्तिकी काही बसेना. "बाई, सावली नसती तर आम्ही दुपारची खिचडी कुठं बसून खाल्ली असती? टाकीच्या सावलीतच बसतो की सगळे."

बघा, काल्याचं कीर्तन आहे आणि शिदोरी आली! गोकुळात गोपाळ गोल करून बसायचे, इथं पोरं टाकीच्या सावलीत बसतात. जेवायच्या जागेबद्दल पोरं कधी चुकत नाहीत.

आता वैजयंतीची अवस्था काय झाली असेल? टाचण एक सांगतंय, पोरगी दुसरंच सांगतेय, आणि मागं वर्षाचा फैसला हातात घेऊन सर बसलेत. "बस खाली" म्हटलं असतं तर पाठ पुरा झाला असता. तोंडावर आलंही होतं. घाबरली होती हो ती. पण तिला राहवेना. खरंच असते का सावली? तिनं पडदा तसाच सोडला आणि म्हणाली, "चला, बघू या."

सगळा वर्ग अंगणात. कार्तिकी उन्हात उभी राहिली. आणि सावली? जवळजवळ तिच्याएवढीच लांब! वैजयंतीनं मोबाइलवर फोटो काढला, वर्गात येऊन पडद्यावर लावला – तिच्या सूर्याच्या शेजारीच. पोरं एकदम म्हणाली, "बाई, असं का?"

 वैजयंती म्हणाली, "मला माहीत नाही. आपण शोधू."

इतक्यात लक्षात आलं, धोंगडे सर बाकावर नाहीत! वळून बघते तर सर अजून अंगणातच, स्वतःच्या सावलीकडं बघत उभे. आत आले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, तीस वर्षं मी हा पाठ मागं बसून तपासतोय. 'दुपारी सावली नाहीशी' याला दर वेळी बरोबरची खूण केली. बाहेर जाऊन आजच पाहिलं."

वहीत शेरा लिहिला – "पाठ टाचणाप्रमाणे झाला नाही. फार बरं झालं." टाचणाचे गुण गेले, पण पाठ पास झाला, आणि वैजयंती बाई झाली.

संपलं? नाही. पोरांनी झेंड्याच्या खांबाची सावली रोज खडूनं आखायला घेतली. माघ गेला, फाल्गुन गेला, सावली आखूड आखूड होत चालली. उन्हाळ्याची सुट्टी लागली, तरी कार्तिकी दुपारी अंगणात जायचीच. आणि मे महिन्यात एके दुपारी वैजयंतीचा फोन वाजला.

"बाई! आज गेली! खांबाची सावली खरंच गेली!"

पडदा अगदीच खोटं बोलत नव्हता, मंडळी. आपल्याकडं वर्षातून दोनच दिवस सूर्य अगदी डोक्यावर येतो, आणि तेव्हाच भरदुपारी सावली पायाखाली जाते. तेवढं तो रोजचं म्हणून सांगत होता. हे वैजयंतीला कुणी पढवलं नाही. "माहीत नाही" म्हणाली, म्हणून कळलं.

आता तुमच्याकडं वळतो. का हो, माना का खाली गेल्या? सकाळी मोबाइलवर काही आलं की तुम्ही ते दहा जणांना धाडून मोकळे होता. अंगणात जाऊन कितीदा बघता? आणि नातवानं काही विचारलं की "गप बस" म्हणता, की "मला माहीत नाही, चल बघू"?

बारा वाजून गेलेत. पानं मांडली आहेत. मंडपाबाहेर पडाल तेव्हा पानावर बसण्याआधी जरा उन्हात थांबा, आपल्या पायाशी बघा. सावली किती आहे ते मला येऊन सांगा – मी अजून बघितलेली नाही.