माणसानं बसायचं कधी?

...आणि वर मलाच म्हणतो, "काका, बसू नका!" आता बोला! अहो, पाठीवर इंजिन, इंजिनाला पंखा, पंख्याभोवती जाळी, खांद्याला पट्टे, मांड्यांना पट्टे, आणि या सगळ्या लटांबराच्या बुडाशी काय शिवलंय बघा... आसन! मऊ, गादी घातलेलं, माणसाच्या मापाचं! पहिल्या दिवशी हाच मास्तर कौतुकानं दाखवत होता, "आरामखुर्चीच समजा काका, आकाशातली!" आणि मैदानावर उतरलं की, बसू नका! मी विचारतो, मग माणसानं बसायचं कधी?

तुम्ही नवीन बॅचवाले ना? चेहऱ्यावरून कळतंच, अजून हसताय. या, जवळ या, वारा पडेपर्यंत मास्तर कोणालाच उडू देणार नाही. तुम्हाला सांगतो, पॅरामोटर शिकायचंय ना, तर आधी ते आकाशबिकाश डोक्यातून काढून टाका. मी पण आलो होतो नवा गॉगल घालून! म्हटलं, पहिल्याच दिवशी वर. कसलं वर? ते पॅराशूटसारखं भलंमोठं कापड दिलं माझ्या अंगावर सोडून, दोऱ्यांचं जंजाळ दिलं हातात, म्हणे, "इंजिन नंतर. आधी हे जमिनीवरूनच डोक्यावर उभं करायचं आणि तोलायचं." का? तर म्हणे मैत्री व्हायला हवी! मैत्री? त्या कापडानं मला या मैदानात उताणा ओढलाय, पालथा ओढलाय, कुंपणापर्यंत नेऊन पोचवलाय! आणि मास्तर लांबून ओरडतोय, "छान! सोडू नका!" अरे, मी कुठे धरलंय? त्यानं मला धरलंय!

तुम्ही म्हणाल, मग सोडून का नाही दिलंत? सोडून? त्या शब्दावरच तर सगळं अडलंय! आमच्या घरात माळा आहे. माळ्यावर कोण आहे? माझी गिटार आहे. माझी दुर्बीण आहे, एकदाच चंद्राकडे लावलेली. व्यायामाची सायकल आहे, माळ्यावर जायच्या आधी आमची ही तिच्यावर टॉवेल वाळत घालायची. पॅरामोटरचं नाव काढलं त्या दिवशी हिनं काय केलं माहितीय? शिडी लावली, वर चढली, आणि सगळं सामान सरकवायला लागली. म्हटलं, काय करतेस? तर वरूनच, "इंजिनासाठी जागा करतेय. तुम्ही आणालच इथे." बोचलं हो! रागावली असती तर परवडलं असतं, पण तिची खात्री होती! तेव्हाच ठरवलं, जीव गेला तरी चालेल, हे इंजिन माळ्यावर जाणार नाही.

आणि मग आला तो पळायचा दिवस. कापड डोक्यावर उभं, इंजिन घरघरतंय, मास्तर शिरस्त्राणातल्या रेडिओवरून कानात, "पळा काका! पळा! पळा!" पळालो. काय सांगू, पाय हलके झाले, बोटं नुसती गवताला टेकतायत, म्हटलं, सुटलो! आणि बसलो.

का म्हणजे? सगळी नोकरी चौकशीच्या खिडकीमागे खुर्चीत गेली माझी! जरा बरं वाटलं की बूड आपोआप खाली जातं, त्याला मी काय करू? पण त्या कापडानं अजून मला पेललंच नव्हतं ना! धाडकन जमिनीवर! जाळी वाकली, पंख्याचे तुकडे, आणि मी त्या आरामखुर्चीत... मातीत. मास्तर धावत आला. मला वाटलं, लागलं का विचारील. "काका, बसलात?" म्हटलं, नाही, पडलो. "पडायच्या आधी बसलात!" आठवड्यानं पुन्हा तेच! पळालो, हलका झालो, बसलो, धाड! दुसरा पंखा! आणि मैदानावरची सगळी मंडळी एका सुरात, "काकाऽऽ, बसू नका!" मी विचारतो, माणसानं बसायचं कधी?

मग मास्तरनं उपाय काढला. "पाय सुटले तरी पळत राहा. हवेत पळा. मी 'बसा' म्हणेन तेव्हाच बसा." मी घरी सराव सुरू केला. जेवण उभ्यानं, टीव्ही उभ्यानं, फोन आला की जागच्या जागी पळत. ही माझ्याकडे बघायची. आणि रोज एकदा माळ्याकडे नजर टाकायची. ती नजर, बघा, इंजिनापेक्षा जड!

आणि मग आजची सकाळ. ही स्वतः आली होती बघायला, मोबाईल घेऊन. पळालो! हलका झालो... नाही बसलो! जमीन गेली, गवत गेलं, कुंपण गेलं, मी आपला पळतोय! कानात मास्तर, "शाब्बास काका! उडालात! आता बसा!" ऐकलंत? आता बसा! आणि बसता येईना! आसन कुठे मांड्यांच्या मागे अडकलेलं, मी पट्ट्यांना लोंबतोय. "गुडघे वर घ्या! मागे रेला!" अहो, गुडघे ऐकतील तर ना! त्यांना पळायचीच सवय लावली ना त्यानंच! आणि रेडिओ एकतर्फी, त्याला दोन शब्द सुनावायचीही सोय नाही! खाली नदी होती म्हणे, सूर्य नुकताच वर आला होता म्हणे. मी काहीही बघितलेलं नाही. मैदानाला एक अख्खा फेरा मी पळत घातलाय. खालून मंडळी विचारत होती, काका एवढ्या घाईत चाललेत कुठे!

पण गंमत पुढेच आहे. उतरायची वेळ आली, इंजिन बंद, कानात मास्तर, "आता आसनातून बाहेर या, उभे राहा, पाय खाली." सगळे नवशिके इथेच चुकतात म्हणे, बसल्या बसल्याच जमिनीवर आदळतात. मी? मी उभाच होतो की! पळत होतो, पळतच टेकलो, पळतच थांबलो. मास्तर सगळ्यांना म्हणतो, "बघा, उतरायचं तर असं!" मी आपला तो मान मुकाट्यानं घेतला.

तसाच गेलो हिच्याकडे. मैदानावर खुर्ची एकच, ती तिथे, तीत ही बसलेली. डोळे पुसत होती, खोटं नाही सांगत. म्हणाली, "अहो, माळ्यावरच्या त्या इंजिनाच्या जागेत मी आता जुन्या गाद्या टाकते."  एवढंच ऐकायला तर दोन पंखे मोडले होते! एवढं पळून झालं होतं, म्हटलं, जरा ऊठ गं, मी बसतो.

तर मोबाईल बघत म्हणते कशी, "थांबा, बसू नका! व्हिडिओत सगळं माझं बोटच आलंय. पुन्हा एकदा जाऊन या."

...वारा पडला वाटतं. चला, द्या ते इंजिन पाठीवर.